कादंबरीला चाल लावायची म्हणजे!

व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' या कादंबरीत प्रकरणं किती? ३६५. रोज एक वाचलं तर १ जानेवारीला उघडलेलं पुस्तक ३१ डिसेंबरला मिटतं. या कादंबरीवरचं संगीत नाटक लंडनमध्ये ऑक्टोबर १९८५ मध्ये सुरू झालं आणि कोविडचा खंड सोडला तर अजून चालूच आहे. मध्यंतर धरून खेळ तीन तासांच्या आसपास. म्हणजे एका प्रकरणाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट! अर्ध्या मिनिटात आपल्या नाटकातल्या ऑर्गनवाल्याचं सुरुवातीचं वाजवूनसुद्धा होत नाही.

मग ह्यूगोचं बाकीचं गेलं कुठं? कात्रीत. वॉटर्लूच्या लढाईसाठी त्यानं कादंबरीचा अख्खा एक भाग खर्ची घातला होता, तो गेला. पॅरिसच्या गटारांचा इतिहास त्यानं सविस्तर सांगितला होता. नाटकात गटार आहे, इतिहास नाही. आणि तरी लोक रडत बाहेर येतात. कादंबरीचं संगीत नाटक करणाऱ्याला पहिल्यांदा शिकावं लागतं ते फेकून द्यायला.

मोताळ्यात बसून ह्या लंडनच्या गोष्टी कशाला, असं कुणी म्हणेल. पण जरा नकाशा बघा. बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की मोताळा, सरळ पुढं गेलं की मलकापूर, आणि मलकापूरला मुंबई-नागपूर रेल्वेचे रूळ. रेल्वे आली आणि खानदेश-वऱ्हाडचा दौरा नाटक मंडळ्यांच्या पथ्यावर पडला. पडदे, ट्रंका, तंबोरे आणि भांडकुदळ नट असा सगळा संसार डब्यांत भरून मंडळ्या निघायच्या. वऱ्हाडात कापसाचा पैसा होता, आणि पदाला 'वन्स मोअर' देण्यात हा मुलूख कधी कंजूष नव्हता. शिवाय मराठी संगीत नाटकाला १८९६ साली नव्या चाली लावणारा गृहस्थ पुढं आमच्याच जिल्ह्यात वकिली करू लागला. त्यांच्याकडं येऊच. आधी जिथून सुरुवात झाली तिथं जाऊ.

पहिला मान 'कादंबरी'लाच

ज्या वाङ्मयप्रकाराला आपण कादंबरी म्हणतो, त्याचं नाव बाणभट्टाच्या नायिकेवरून आलं, हे शाळेत कधीतरी कानांवरून गेलेलं असतं. पण ती मूळची 'कादंबरी'च मराठी रंगमंचावर पदं म्हणत आली होती, हे सहसा कुणी सांगत नाही. गोविंद बल्लाळ देवल यांचं 'संगीत शापसंभ्रम', साल १८९३. 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' लिहिणारे तेच हे देवल.

काम केवढं अवघड होतं ते बघा. बाणभट्ट सातव्या शतकातला, हर्षवर्धनाच्या दरबारातला. एक वाक्य सुरू केलं की पानभर थांबायचं नाही, आणि समास असे की श्वास घ्यायला जागा नाही. वेबर नावाच्या जर्मन पंडितानं तर बाणाच्या गद्याला हिंदुस्थानातलं निबिड अरण्य म्हणून ठेवलं आहे. झाडोरा तोडत वाट काढावी, तर पुढं अनोळखी शब्दांची श्वापदं दबा धरून बसलेली. त्यात गोष्ट सांगायची तऱ्हा एकात एक. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन येते. पोपट आपली कहाणी सांगतो. त्या कहाणीत जाबाली ऋषी दुसरी कहाणी सांगतात. त्या दुसरीत महाश्वेता आपली तिसरी सांगते. वाचताना मजा येते, पण रंगमंचावर हे जसंच्या तसं आणलं तर दुसऱ्या अंकापर्यंत प्रेक्षक शेजाऱ्याला विचारेल, 'आत्ता बोलतंय ते कोण? पोपट का ऋषी?'

त्यात माणसं एका जन्मात मरतात आणि दुसऱ्या जन्मात भलत्याच रूपात हजर होतात. मरता मरता महाश्वेतेचा प्रियकर पुंडरीक चंद्राला शाप देतो, चंद्र त्याला उलटा शाप देतो, आणि पुढचे दोन जन्म सगळ्यांचे त्यात जातात. देवलांनी नाटकाला नायिकेचं नाव न देता 'शापसंभ्रम' हे नाव दिलं. पाटीवरच सांगून टाकलं की बाबांनो, शाप आहेत आणि घोटाळा आहे, सावध बसा. मला हे नाव फार हुशारीचं वाटतं.

आता यातली गंमत. देवलांनी 'शापसंभ्रम'च्या आधी 'मृच्छकटिक' मराठीत आणून गाजवलं होतं. 'मृच्छकटिक'चा कर्ता म्हणून परंपरा नाव घेते शूद्रक राजाचं. आणि 'कादंबरी' उघडली की पहिल्याच पानांत सिंहासनावर कोण बसलेलं? शूद्रक राजा. नाटककार म्हणून एकदा आणि पात्र म्हणून एकदा, असा शूद्रक देवलांच्या वाट्याला दोनदा आला.

दुसरी गंमत १८९३ या सालाची. त्याच वर्षी देवलांचं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' आलं. एकीकडं जन्मजन्मांतरीचं प्रेम, आणि दुसरीकडं बायकोवर संशय घेणारा फाल्गुनराव! हा फाल्गुनराव पुढं पदं घालून 'संगीत संशयकल्लोळ' झाला, तो १९१६ साली, म्हणजे देवल गेले त्याच वर्षी. त्याचंही मूळ परदेशी. मर्फी या इंग्रज नाटककारानं मोलिएरचा माल उचलला होता आणि देवलांनी मर्फीचा.

घोड्यानं आधी ऐकलं

एवढ्या दाट अरण्यातून देवलांनी 'कादंबरी'च का उचलली असेल? मला उत्तर त्या गोष्टीतच दिसतं. संगीत नाटक करणाऱ्याला हवी असते अशी जागा, जिथं पात्रानं गायला सुरुवात केली तर कुणाला खटकणार नाही. 'कादंबरी'त ती जागा बाणानंच करून ठेवली आहे.

राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या एका जोडीमागं घोडा फेकत फेकत सैन्यापासून तुटतो. दमून अच्छोद सरोवराच्या काठी थांबतो, घोड्याला चरायला सोडतो. तेवढ्यात दूरवरून वीणेच्या साथीनं गाणं ऐकू येतं. ते आधी ऐकतो घोडा. तोंडातला घास खाली पडतो, कान ताठ होतात, मान आवाजाच्या दिशेला वळते. मग राजपुत्राच्या ध्यानात येतं. सुरांचा माग काढत तो शिवमंदिराशी पोचतो, तर आत पांढऱ्या वस्त्रांतली महाश्वेता देवापुढं वीणा घेऊन बसलेली. पुढची सगळी कथा या एका गाण्यामुळं घडते. ते ऐकू आलं नसतं तर चंद्रापीड घोड्याला पाणी पाजून घरी गेला असता.

(घोडा रंगमंचावर आणायचा कसा, हा प्रश्न मात्र उरतोच. शिवाय हा घोडा साधा नाही. तो शाप लागलेला ऋषिकुमार आहे.)

दुसरी एक जागा बघा. महाश्वेता आणि पुंडरीक यांची पहिली भेट. त्याची जपमाळ तिच्या हाती गेलेली असते आणि तो लटक्या रागानं ती परत मागतो. ती जपमाळेऐवजी आपल्या गळ्यातला मोत्यांचा एकपदरी हार काढून त्याच्या हातावर ठेवते. पठ्ठ्याला कळतसुद्धा नाही, कारण डोळे तिच्या चेहऱ्यावर. बाण हे सांगतो लांबलचक वाक्यांत. नटांना एवढं सगळं दाखवायला एक हार, एक माळ आणि दोन आवर्तनं पुरतात.

आणि या कादंबरीचा शेवट बाणानं लिहिलेलाच नाही! पुस्तक अर्ध्यावर असताना तो गेला आणि उरलेला भाग त्याच्या मुलानं, भूषणभट्टानं, पुरा केला. यावरून आठवलं ते चार्ल्स डिकन्सचं. 'द मिस्ट्री ऑफ एडविन ड्रूड' ही त्याची रहस्यकथा १८७० साली अशीच अर्धी राहिली. बारांपैकी सहा हप्ते लिहून झाले आणि डिकन्स वारला. खुनी कोण, हे त्याच्याबरोबर गेलं. १९८५ साली रूपर्ट होम्सनं तिचं संगीत नाटक केलं, तेव्हा त्यानं शेवट ठरवायचं काम सरळ प्रेक्षकांवर सोपवलं. प्रयोगात मतदान होतं, हात वर होतात आणि ज्याला जास्त मतं तो त्या रात्रीचा खुनी. नटांना सगळे शेवट पाठ ठेवावे लागतात. या नाटकाला अमेरिकेतलं मानाचं टोनी पारितोषिक मिळालं. आपल्याकडं नाट्यगृहात मतदान घेतलं तर मतमोजणीवर आक्षेप येतील, ही गोष्ट वेगळी.

मग पुराणंच का?

'शाकुंतल' (१८८०), 'सौभद्र' (१८८२), 'स्वयंवर' (१९१६), आणि थेट 'मत्स्यगंधा' (१९६४). संगीत नाटकवाले वारंवार पुराणाकडं आणि महाभारताकडं का धावले? भाविकपणा होताच, पण मला यामागं धंद्याचं शहाणपणही दिसतं. पद सुरू झालं की गोष्ट थांबते. एकेक पद दहा-दहा मिनिटं चालायचं, त्यावर वन्स मोअर, मग पुन्हा तेच. 'शाकुंतल'मध्ये तर पदांची संख्या दोनशेच्या घरात. इतका वेळ गोष्ट जागची हलली नाही तरी 'सौभद्र'च्या प्रेक्षकाला चिंता नव्हती. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार, हे त्याला घरून निघतानाच माहीत होतं. रुक्मिणी तर आमची विदर्भकन्याच. 'स्वयंवर'मध्ये तिचं काय होणार हे वऱ्हाडातल्या प्रेक्षकाला सांगायचीच गरज नव्हती. तो आला होता तो बालगंधर्वांच्या तोंडून ते ऐकायला.

कादंबरीचं उलटं असतं. तिचा वाचक 'पुढं काय?' या एका दोरीनं बांधलेला. त्याला ऐन रहस्याच्या जागी बसवून दहा मिनिटं आलापी ऐकवली तर तो चुळबुळणारच. म्हणून गाजलेल्या मराठी कादंबऱ्या रंगमंचावर आल्या त्या बहुतेक गद्यातून. रणजित देसाईंची 'स्वामी' आली, श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' आला, पण तंबोरा घरी ठेवून.

ययातीचं बघा. वि. स. खांडेकरांची 'ययाति' कादंबरी १९५९ची. गिरीश कार्नाडांचं कन्नड 'ययाति' नाटक १९६१चं. शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी' १९६६चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. सात वर्षांत तीन ययाती, तिघांचं मूळ महाभारतात, आणि गळा लाभला तो तिसऱ्याला. तोवर काळही बदलला होता. प्रयोग रात्रभर चालायचे दिवस सरले, पदं कमी झाली आणि छोटीही झाली. म्हणजे कादंबरीला चाल लावायला खरं तर हाच काळ सोयीचा होता. पण तोपर्यंत कादंबरीकारांना संगीत नाटक जुनाट वाटू लागलं होतं.

खामगावचे वकीलसाहेब

आता आमचे वकील. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म नागपूरचा, १८७१चा. शाळेची पहिली वर्षं बुलढाण्यात, पुढं अकोला आणि मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. वकिलीची सनद घेऊन परतले ते वऱ्हाडातच, आणि पुढची वकिली खामगावात आणि जळगाव जामोदला. मोताळ्याहून नांदुऱ्याला गेलं की उजवीकडं खामगावची वाट, डावीकडं सातपुड्याच्या पायथ्याचं जळगाव जामोद. दिवसा पक्षकारांचे कागद आणि संध्याकाळी नाटकाचे. मराठी विनोदी लेखनाचा पाया घालणारे 'सुदाम्याचे पोहे' त्यांचेच. त्यात सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या मिळून एकेका रूढीची रेवडी उडवतात. महाराष्ट्रगीत लिहिणारेही तेच. जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांना ते गीत पाठ असतं, पण लिहिणारा इथं शिकला हे त्यांतल्या किती जणांना सांगितलं जातं कोण जाणे.

१८९६ साली त्यांचं 'वीरतनय' किर्लोस्कर मंडळीनं रंगमंचावर आणलं आणि पुण्या-मुंबईचे रसिक चमकले. गोष्ट पुराणातली नव्हती, इतिहासातली नव्हती. सगळी माणसं लेखकाच्या डोक्यातली. प्रेम, वेशांतर, गैरसमज, कारस्थानं, मधूनच विनोद. म्हणजे त्या काळच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा सगळा मसाला त्यांनी थेट संगीत नाटकातच ओतला. कादंबरीचं नाटक करण्याऐवजी नाटकालाच कादंबरीच्या वळणावर नेलं. प्रेक्षकाला पहिल्यांदाच पुढं काय होणार ते ठाऊक नव्हतं.

आणि चाली? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पदांत साक्या, दिंड्या, कीर्तनातल्या आणि कर्नाटकी चाली असत. घराघरांत ओळखीच्या. कोल्हटकरांनी उचलल्या पारशी कंपन्यांच्या उडत्या चाली. तसं बघितलं तर किर्लोस्करांनाही संगीत नाटकाची कल्पना सुचली ती पारशी कंपनीचा 'इंद्रसभा'चा खेळ पाहूनच. त्यांनी कल्पना घेतली, कोल्हटकरांनी चालीही घेतल्या.

इथं एक तांत्रिक अडचण येते आणि ती आजही प्रत्येक रूपांतरकाराला छळते. चाल आधी ठरली की शब्द तिच्या मापात कोंबावे लागतात. ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होते, क्रियापद एका टोकाला आणि कर्ता दुसऱ्या. कोल्हटकरांच्या पदांवर हा ठपका कायम राहिला. चाल गोड, पण अर्थ शोधायला दुसरा वकील लावा! त्यांच्या चाहत्यांना मी हे म्हटलेलं आवडणार नाही, पण पदं वाचून बघा, मग भांडू.

मद्यपानाविरुद्ध लिहिलेल्या त्यांच्या एका नाटकाचं नाव आहे 'मूकनायक'. संगीत नाटकाला असं नाव द्यायला धारिष्ट लागतं. १९२० साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला हेच नाव दिलं, ते अर्थात अगदी निराळ्या अर्थानं.

वयाची पन्नाशी ओलांडल्यावर कोल्हटकर कादंबरीकडं वळले. 'दुटप्पी की दुहेरी' आणि 'श्यामसुंदर' या त्यांच्या दोन कादंबऱ्या १९२५च्या. आयुष्यभर नाटकात कादंबरी लिहिली आणि उतारवयात खरीखुरी कादंबरी लिहायला घेतली, तर आज ती कुणाला आठवत नाही. शिष्य मात्र जबरदस्त मिळाले. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत, खांडेकरही. गडकरी २३ जानेवारी १९१९ला सावनेरला गेले. महिनाभरात बडोद्याला 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग झाला. त्यातली पदं गडकऱ्यांची नाहीत, ती लिहिली वि. सी. गुर्जरांनी. हे गुर्जर मूळचे कथालेखक, बंगाली गोष्टी मराठीत आणण्यात पटाईत. दारूच्या सर्वांत गाजलेल्या मराठी नाटकाचे संवाद एकाचे आणि गाणी दुसऱ्याची, तरी जोड कुठं दिसत नाही.

गोष्टी फिरतात त्या अशा

हाइनरिश मान या जर्मन लेखकाची १९०५ची कादंबरी 'प्रोफेसर उनराट'. शिस्तीचा मास्तर नाचणारीच्या नादी लागतो आणि धुळीला मिळतो. तिच्यावर १९३०चा 'द ब्लू एंजल' हा बोलपट निघाला. त्यावरून १९७२ साली व्ही. शांतारामांनी काढला 'पिंजरा'. मास्तर झाले डॉ. श्रीराम लागू, नाचणारी संध्या. शंकर पाटलांची पटकथा, खेबुडकरांची गाणी आणि राम कदमांचं संगीत. जर्मन गावातला कॅबरे आपल्या तमाशाच्या फडात इतका बेमालूम मिसळला की 'पिंजरा' मूळ जर्मन आहे म्हटलं तर जत्रेतला माणूस तुम्हालाच खुळ्यात काढील. हा सिनेमा, नाटक नव्हे, हे कबूल. पण कादंबरीला मराठी चाल कशी लावावी, याचा इतका चोख धडा दुसरा नाही. त्यांनी जर्मन गाण्यांच्या जागी मराठी गाणी घातली नाहीत. त्यांनी ठिकाणच असं निवडलं की जिथं गाणं हा पात्रांचा रोजगार आहे.

हाइनरिशचा धाकटा भाऊ टॉमस मान. त्याची 'द ट्रान्स्पोज्ड हेड्स' ही छोटी कादंबरी १९४०ची. गोष्ट आपल्या वेताळपंचविशीतली, दोन मित्रांची मुंडकी अदलाबदल होतात ती. मानकडून ती कार्नाडांकडं आली आणि कन्नड 'हयवदन' झालं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणलं, विजया मेहतांनी बसवलं. पुढं विजयाबाईंनी तेच नाटक वायमारला जाऊन जर्मन नटांकडून करून घेतलं. गोष्ट माहेराहून सासरी गेली, माहेरी आली आणि पुन्हा सासरी. दोन सख्खे भाऊ, दोघांच्या कादंबऱ्या, आणि दोन्हींना मराठीत ढोलकी-तबला लागला!

पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' १९७८चा. तो ब्रेश्टच्या १९२८च्या नाटकावरून, आणि ब्रेश्टचं नाटक जॉन गे याच्या १७२८च्या 'बेगर्स ऑपेरा'वरून. दोनशे वर्षांनी एक, मग पन्नास वर्षांनी एक. ब्रेश्टनं मात्र उलटी गंगा वाहवली. नाटक गाजल्यावर १९३४ साली त्यानं त्याचीच कादंबरी लिहिली.

देवलांच्या 'दुर्गा'चीही (१८८६) वंशावळ अशीच लांब. तिचं मूळ 'इझाबेला' या इंग्रजी नाटकात, त्याचं मूळ सदर्नच्या १६९४च्या नाटकात, आणि त्याचंही मूळ आफ्रा बेन या बाईंच्या १६८९च्या छोट्या कादंबरीत. इंग्लंडात लेखणीवर पोट भरणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी ही एक. तिची नायिका दोनशे वर्षांनी नऊवारी नेसली.

झुलवा

मराठीत अलीकडं कादंबरीतून आलेलं आणि गाण्यानं पेललेलं नाटक कोणतं विचाराल तर मी 'झुलवा' म्हणेन. उत्तम बंडू तुपे यांची कादंबरी यल्लम्माला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींची. चेतन दातारांनी नाटक लिहिलं आणि वामन केंद्रे यांनी १९८७ साली बसवलं. इथं पात्रं गातात कारण गाणं, चौंडकं आणि जोगवा हेच त्यांचं जगणं आहे. कादंबरीतल्या वर्णनांची पानंच्या पानं चौंडक्याच्या एका ठोक्यात उभी राहतात. 'कादंबरी'त महाश्वेतेच्या हाती वीणा होती, इथं चौंडकं आहे. हिशेब तोच.

परदेशी कात्र्या

टॉलस्टॉयचं 'वॉर अँड पीस' कुणी नाटकात बसवतं का? डेव्ह मॅलॉय या अमेरिकनानं २०१२ साली बसवलं, पण घेतली फक्त सत्तरेक पानं. लढाई नाही, नेपोलियन नाही. नताशाचा पाय घसरतो तेवढाच तुकडा. पहिल्याच गाण्यात प्रेक्षकांना कोण कुणाचा कोण ते सांगून टाकतात आणि वर बजावतात की रशियन कादंबरी आहे, नावं लक्षात ठेवा. आपला सूत्रधार नटीला नांदीनंतर हेच सांगत आलाय.

डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'वरच्या 'ऑलिव्हर!'ची (१९६०) गाणी आणि चाली लायोनेल बार्टच्या. त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हतं आणि लिहिताही येत नव्हतं. तो चाल गुणगुणायचा, दुसरा कुणीतरी उतरवून घ्यायचा. पुढं दुसऱ्या एका नाटकाच्या पायी त्यानं 'ऑलिव्हर!'चे हक्क कवडीमोलानं विकले. ते दुसरं नाटक साफ पडलं.

'गॉन विथ द विंड' या अमेरिकन कादंबरीचं संगीत नाटक अमेरिकेत सुरू झालंच नाही. ते पहिल्यांदा उघडलं १९७० साली टोकियोत, जपानी भाषेत.

कुणाला हुरूप आलाच तर

तर कायदा आधी बघून घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं पुस्तकावर त्याच्या वारसांचा हक्क असतो, आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो!' कधीचीच मोकळी आहे. तिच्यातली यमुना स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडानं सांगते, त्यामुळं पदांना जागा शोधत फिरायला नको. कोल्हटकरही मोकळे. साने गुरुजी शेजारच्या खानदेशात अमळनेरला मास्तर होते. त्यांनी 'ले मिझराब्ल' मराठीत आणली ती 'दुःखी' या नावानं. गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून तीही खुली. लंडनवाल्यांच्या चाली मात्र चुकूनही उचलू नका, त्यांचे वकील जिवंत आहेत. खांडेकरांची 'ययाति' २०३६ अखेरपर्यंत बांधलेली. संहिता तयार झाली की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र काढावं लागतं. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा गट वेगळा असतो, त्यात उतरता येतं.

माझा डोळा आहे तो अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'वर. कादंबरी १९५९ची, अर्पण केलेली डॉ. आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला. लिहिणारा स्वतः शाहीर, लालबावटा कलापथकात डफावर उभा राहिलेला. त्यामुळं वाक्यांत ठेका आधीच भरलेला. अण्णा भाऊ १९६९च्या जुलैत गेले. १ जानेवारी २०३० पासून 'फकिरा'ला वारसांच्या परवानगीशिवाय चाल लावता येईल. त्याआधी करायचं तर रीतसर परवानगी मागायची. हलगीवाला मात्र आत्तापासूनच धरून ठेवा. चांगला हलगीवाला तारीख विचारली की आधी लग्नसराई सांगतो, मग बोलतो.